जुलाब थांबवणारी गोळी

पावसाळ्यात पाणी गढूळ होते आणि घरोघरी जुलाबाच्या तक्रारी सुरू होतात. दुकानातून लोपेरामाइडची गोळी आणली जाते. मोठी माणसे घेतात आणि उरलेली लेकरालाही देतात. म्हणून या औषधाची माहिती आम्ही येथे देत आहोत.

अफूने मळ बांधला जातो, हे जुन्या माणसांना ठाऊक होते. पण तिने गुंगी येते व व्यसन लागते. बेल्जियममधील यान्सेन कंपनीत 1969 साली तयार झालेले लोपेरामाइड अफूच्याच वर्गातले आहे. आतड्याच्या भिंतीतील मज्जातंतूंवर ते अफूसारखेच काम करते. आतड्याची हालचाल मंदावते आणि आतील पाणी व क्षार शोषले जाण्यास वेळ मिळतो. औषधाचा बहुतेक भाग यकृतातच मोडतो. रक्तात उरलेल्या अंशाला मेंदूच्या उंबरठ्यावरील एक प्रथिन मागे लोटते. म्हणून योग्य मात्रेत गुंगी येत नाही. अतिमात्रेने मात्र हृदयाचे ठोके बिघडून मृत्यूही ओढवतो; अमेरिकेच्या औषध प्रशासनाने 2016 साली तसा इशारा दिला.

प्रौढ माणसाने प्रथम 2 मिलिग्रॅमच्या दोन गोळ्या व पुढे प्रत्येक पातळ शौचानंतर एक घ्यावी. डॉक्टरांना विचारल्याशिवाय दिवसात चारांहून अधिक नको आणि दोन दिवसांपुढेही नको. ताप असेल, शौचात रक्त पडत असेल किंवा पोट फुगले असेल, तर ही गोळी मुळीच घेऊ नये. जंतू व त्यांचे विष आतच कोंडले जाते.

लहान मुलांना ही गोळी घरच्या घरी कधीही देऊ नये. पाकिस्तानात या औषधाचे थेंब दिलेली काही तान्ही मुले आतड्याची हालचाल बंद पडून दगावली. 1990 साली तेथे ते थेंब बंद झाले.

वाचकहो, जुलाबात जीव जातो तो अंगातले पाणी व क्षार आटल्याने, आणि ते भरून काढणे या गोळीला जमत नाही. 1971 साली बांगलादेशच्या निर्वासितांच्या बनगाव येथील छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेचे पाणी पाजून असंख्य पटकीग्रस्तांना वाचवले. सरकारी दवाखान्यातून ओआरएसची पाकिटे आणून ठेवावीत. ती नसल्यास उकळून गार केलेल्या एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर व अर्धा सपाट चमचा मीठ घालावे, चमचा चहाचा. बाळाला ते घोटघोट पाजावे, अंगावरचे दूध तोडू नये आणि डॉक्टरांना विचारून झिंक द्यावे. मूल सुस्तावले, डोळे खोल गेले किंवा लघवी थांबली, तर तडक दवाखाना गाठावा.