गोरगरिबांचा कटोरा आणि न आलेला तारा

जून २०२४ मध्ये शाळा उघडली तेव्हा आम्ही मुलांना मोठ्या उत्साहाने सांगितले होते, "यंदा आभाळात एक नवा तारा दिसेल." पावसाळा सरला, वर्ष संपले, तारा काही दिसला नाही. एका मुलीने विचारले, "सर, तुम्ही आम्हाला खोटं सांगितलं का?" प्रश्न मनाला लागला.

स्वाती आणि अभिजित या ठळक ताऱ्यांच्या मध्ये, स्वातीच्या बाजूला, ताऱ्यांचे एक अर्धवर्तुळ आहे. मराठीत त्याला उत्तर मुकुट म्हणतात. अरबांना मात्र तो काठ फुटलेला 'गोरगरिबांचा कटोरा' वाटला. 'अल-फक्का' हे त्याचे आणखी एक अरबी नाव. त्यावरूनच त्यातला सर्वांत तेजस्वी तारा आज जगभर अल्फेक्का म्हणून ओळखला जातो.

या कटोऱ्याच्या काठाजवळ, सुमारे ३००० प्रकाशवर्षे दूर, दोन तारे २२८ दिवसांत एकमेकांभोवती फेरी घेतात. एक फुगलेला तांबडा तारा. दुसरा श्वेत बटू, आकाराने पृथ्वीएवढा पण सूर्याहून जड. तांबड्या ताऱ्याचा हायड्रोजन ओढला जाऊन बटूवर थरावर थर साचतो. दाबाने तळ तापत जातो आणि एके दिवशी तिथे अणुज्वाला भडकते. साचलेला थर उधळला जातो, बटू मात्र शाबूत राहतो आणि पुन्हा थर साचू लागतात. याला नवतारा म्हणतात. अख्खा तारा फुटतो तो अतिनवतारा वेगळा.

असा भडका १८६६ आणि १९४६ मध्ये दिसला. अंतर ८० वर्षांचे. एरवी दुर्बिणीशिवाय न दिसणारा हा तारा तेव्हा ध्रुवाएवढा तेजस्वी झाला आणि काही दिवसांतच पुन्हा नजरेआड गेला. १९४६ च्या आधी तो थोडा मंदावला होता. २०२३ मध्येही मंदावला, म्हणून शास्त्रज्ञांनी २०२४ चा अंदाज बांधला.

अंदाज चुकला, पण खोटे कोणी बोलले नाही. नीट नोंदलेल्या दोनच भडक्यांवरून पक्के वेळापत्रक होत नाही. आम्ही मुलीला तेच सांगितले, आणि आमची चूकही कबूल केली. सांगताना आम्ही 'बहुधा' हा शब्द गाळला होता.

वाचकहो, १९४६ चा भडका आपल्या आजोबांच्या पिढीने पाहिला. पुढचा पाहण्याची संधी आपल्या मुलांना आयुष्यात बहुधा एकदाच मिळेल. उन्हाळ्याच्या रात्री त्यांना गच्चीवर न्या, कटोऱ्यातले तारे ओळखायला शिकवा. जुने तारे ओळखीचे असतील तरच नवा आलेला कळेल.