शुगर झाली, पण शेती सुटत नाही

शेलूबाजारच्या चौकात कोणी बिनसाखरेचा चहा मागितला की शेजारचा विचारतोच, ‘काय गा, शुगर निंगाली काय?’ चार माणसांत असे विचारले की पुढच्या खेपेस तो माणूस मुकाट्याने गोड चहा पिऊन मोकळा होतो. बाया तर घरातही सांगत नाहीत.

हा शहरातल्या लठ्ठ माणसांचा रोग, ही समजूत आता सोडली पाहिजे. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत महाराष्ट्राच्या ग्रामीण भागात वीस वर्षांवरील शेकडा साडेसहा लोकांना मधुमेह आढळला. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुणे जिल्ह्यातील खेड्यांत माता-बालकांचा अभ्यास केला. आपली बाळे वजनाने कमी, पण अंगात चरबी त्या मानाने जास्त, असे त्यात दिसले. तेव्हा ‘मी काडीवानी, मले काय होते’ या भरवशावर कोणी राहू नये.

रोगी किती दिवस जगला यापेक्षा कसा जगला, हे आपल्याकडे बरेचसे पायावर ठरते. साखर वर्षानुवर्षे वाढलेली राहिली की पाय बधिर होतात. तुरीचे खुंट लागले, बाभळीचा काटा मोडला, तरी कळत नाही. जखम दिसते तोवर चिघळलेली असते. मग त्यावर हळद, चुना, कोणी सांगितलेला पाला. शेवटी बोट कापावे लागते, आणि बोटावर निभावले तर नशीबच म्हणायचे. पुढे डवरणी कोणी करायची, फवारा पाठीवर कोणी घ्यायचा? म्हणून रानातून आल्यावर पाय धुवावेत, बोटांच्या बेचक्या कोरड्या कराव्यात आणि तळवा आरशात पाहावा किंवा नातवाला पाहायला सांगावे. बधिर पायाला गरम पाण्याने शेकू नये. पोळलेले समजत नाही. शेगावला अनवाणी पायी जायचा नवस असेल तर महाराजांची माफी मागून चप्पल घालावी.

दुसरी गोष्ट रात्रीच्या ओलिताची. वीज रात्री येते. माणूस गोळी किंवा इन्सुलिन घेतो, घाईत अर्धी भाकर खातो आणि दांडाला पाणी द्यायला निघतो. मध्यरात्री घाम फुटतो, हातपाय कापतात, बोलणे बरळल्यासारखे होते. पाहणाऱ्याला वाटते, प्याला असेल! खरे तर साखर उतरलेली असते आणि त्यात जीवही जाऊ शकतो. अशा वेळी तीन चमचे साखर किंवा गुळाचा खडा तोंडात टाकावा, पाव तासात बरे वाटले नाही तर पुन्हा द्यावा. माणूस शुद्धीवर नसेल तर तोंडात काहीही घालू नये, थेट दवाखाना गाठावा. खिशात साखरेची पुडी हवी आणि सोबत्याला रोग माहीत हवा. लपवून ठेवणे इथे महागात पडते.

इन्सुलिनचे हाल उन्हाळ्यात. पारा चाळिसाच्या वर, घरात फ्रीज नाही, असला तर लाईन नाही. वापरात असलेली बाटली घट्ट झाकणाच्या डब्यात घालून ओल्या वाळूत ठेवलेल्या मडक्यात ठेवावी. बर्फात मात्र ठेवू नये. गोठलेले औषध वाया जाते.

सरकारचा असंसर्गजन्य रोगांचा राष्ट्रीय कार्यक्रम २०१० साली सुरू झाला. तीस वर्षांवरील प्रत्येकाची तपासणी त्यात अपेक्षित आहे. पण मजूर सकाळी आठला रानात जातो आणि तपासणी दहानंतर, तर आकडे कोणाचे भरायचे? सरपंच, ग्रामसेवकांनी आरोग्य सेविकेशी बोलून बाजाराचा दिवस किंवा भल्या सकाळची वेळ ठरवावी. ज्यांना शुगर आहे त्यांचे पाय, लघवी आणि डोळ्यांचा पडदा वर्षातून एकदा तरी पाहिला जावा. समृद्धी महामार्गाला शेलूबाजारला वाट मिळाली, नागपूर जवळ आले. पण पडदा तपासायला एक मजुरी बुडवून शहर गाठणे रोजंदारीच्या बाईला जमत नाही. त्या तपासणीचे शिबिर गावातच भरावे, असा ठराव येत्या ग्रामसभेत घ्यायला हरकत नाही.