दात हलण्याआधी हिरड्यांकडे पाहा

ब्रश करताना थुंकीत रक्त दिसले, की अनेक घरांत ब्रश बदलला जातो किंवा काही दिवस तो भाग घासणेच टाळले जाते. दुखत काहीच नसल्याने दंतवैद्याकडे जाणे राहून जाते. हिरड्यांच्या आजाराची खरी अडचण हीच आहे. तो बहुधा वेदनेशिवाय वाढतो आणि लक्षात येतो तेव्हा दात हलू लागलेला असतो.

सुरुवात होते ती दातांवर साचणाऱ्या चिकट थरापासून. जिवाणूंचा हा थर रोज नीट निघाला नाही, तर लाळेतील क्षारांमुळे कडक होऊन त्याचे कीटण बनते. ते ब्रशने निघत नाही. हिरड्या लाल होतात, सुजतात. या टप्प्यावर दात साफ करून घेतले आणि पुढे रोज काळजी घेतली, तर त्या पूर्ववत होऊ शकतात. दुर्लक्ष झाले, तर दात आणि हिरडी यांमधली फट खोल होते व दाताला धरून ठेवणारे हाड झिजते. ते सहसा भरून येत नाही.

थर सगळ्यांच्याच दातांवर साचतो. हाडापर्यंतचे नुकसान मात्र सगळ्यांचे सारखे होत नाही. हा फरक घडवणाऱ्या कारणांत तंबाखू आघाडीवर आहे. पुणे जिल्ह्यात आजही काही महिला तव्यावर काळी होईपर्यंत भाजलेल्या तंबाखूची पूड, म्हणजे मिश्री, दातांना लावतात. तिने हिरड्या घट्ट होतात, हा समज चुकीचा आहे. तंबाखूमुळे हिरडी मागे सरकते, दाताचे मूळ उघडे पडते आणि तोंडाच्या कर्करोगाचा धोकाही वाढतो. टूथपेस्ट व दंतमंजनात तंबाखू वापरण्यास १९९२ मध्ये देशात बंदी आली. सर्वोच्च न्यायालयाने १९९७ मध्ये ती योग्य ठरवली. घरच्या तव्यापर्यंत मात्र ही बंदी पोहोचत नाही.

विडी-सिगारेट ओढणाऱ्यांत आणखी एक फसगत होते. त्यांच्या हिरड्यांतून रक्त कमी येते, त्यामुळे आजार झाकला जातो.

दुसरे मोठे कारण मधुमेह. रक्तातील साखर वाढलेली असली, की हिरड्यांचा संसर्ग बळावतो. आणि हिरड्यांची सूज साखर आटोक्यात आणणे अवघड करते. ‘मी कुठे जाड आहे?’ असे म्हणून ही शक्यता बाजूला सारता येत नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी सडपातळ दिसणाऱ्या भारतीयांच्या शरीरातही चरबीचे प्रमाण जास्त असू शकते, याकडे जगाचे लक्ष वेधले. त्यामुळे हिरड्या वारंवार सुजत असतील, तर साखरही तपासून घ्यावी.

गरोदरपणातील संप्रेरकांचे बदल, तोंड कोरडे पडणे, वेडेवाकडे दात आणि आनुवंशिकता यांनीही धोका वाढतो. फिट्स, रक्तदाब यांवरील काही औषधांनी हिरड्या फुगतात. मात्र औषध परस्पर बंद करू नये, डॉक्टरांना सांगावे.

रोज दोनदा मऊ ब्रशने दात घासावेत आणि दातांच्या फटीही स्वच्छ कराव्यात. रक्त येते म्हणून घासणे थांबवू नये. दंतवैद्याकडे गेल्यावर साखर, चालू औषधे आणि मिश्री याबद्दल न संकोचता सांगावे. उपचार कोणते करायचे, हे त्यावरही ठरते.