पाण्यावर पेललेला रस्ता

सामान्य पुलाचा भार खांबांवाटे तळातील खडकावर उतरतो. तरंगत्या पुलाचा भार मात्र पाणीच पेलते. पाँटून, म्हणजे हवेने भरलेली बंद पोकळ पेटी, जेवढे पाणी बाजूला सारते तेवढ्या पाण्याच्या वजनाइतके प्लावक बल तिला वर उचलून धरते, आणि म्हणूनच लोखंडच काय, काँक्रीटही तरंगते. 20 मीटर लांब व 10 मीटर रुंद अशा पेटीवर 20 टनांचे वजन सारखे पसरले, तर ती गोड्या पाण्यात अवघी 10 सेंटिमीटर खाली जाते आणि वजन हटताच पूर्ववत वर येते.

अमेरिकेतील सिएटल शहरालगतचे वॉशिंग्टन सरोवर काही ठिकाणी 60 मीटरहून अधिक खोल असून त्याच्या तळाशी मऊ गाळाचे जाड थर आहेत. तेथे खांब उभारणे अतिशय खर्चाचे ठरले असते, म्हणून 1940 साली काँक्रीटच्या पाँटूनांचा पूल वाहतुकीस खुला झाला. वारा व लाटांनी तो वाहून जाऊ नये यासाठी पोलादी दोरखंडांनी त्याला तळातील नांगरांशी जखडले होते. याच सरोवरावर 2016 साली खुला झालेला, 77 पाँटूनांवरचा सुमारे 2,350 मीटर लांबीचा पूल जगातील सर्वांत लांब तरंगता पूल मानला जातो.

अशा पुलाला खरा धोका बाहेरच्या पाण्यापेक्षा आत शिरणाऱ्या पाण्याचा असतो. नोव्हेंबर 1990 मध्ये, जुन्या पुलाच्या नूतनीकरणाचे काम चालू असताना, पाँटूनांची जलरोधक झाकणे काढलेली होती. वादळात पाणी आत साचत गेले आणि पुलाचा मोठा भाग बुडाला. पाँटूनाचे आतून अनेक स्वतंत्र कप्पे पाडतात ते एका कप्प्यातील गळती दुसऱ्यात पसरू नये म्हणूनच. झाकणेच उघडी राहिली, तर या कप्प्यांचा काही उपयोग उरत नाही.

भारतात ब्रॅडफर्ड लेस्ली यांनी उभारलेला हावड्याचा तरंगता पूल 1874 साली सुरू झाला. जहाजांना वाट देण्यासाठी त्याचा मधला भाग बाजूला काढता येई; ही सोय मोलाची खरी, पण तेवढा वेळ रस्ता बंद पडे. प्रयागराजच्या कुंभमेळ्यात आजही लोखंडी पिप्यांचे पूल गंगेवर बांधले जातात आणि गरज सरल्यावर सोडवून ठेवले जातात. हावड्याच्या पुलाची जागा मात्र 1943 साली आजच्या पोलादी पुलाने घेतली.