टॅपेट गप्प होतो तेव्हा

मोटारसायकलचा टॅपेट वाजू लागला की मालक अस्वस्थ होतो आणि आवाज आपोआप थांबला की निर्धास्त. चार-स्ट्रोक इंजिनाचा हिशेब मात्र बऱ्याचदा उलटा असतो. वाजणारा टॅपेट दुरुस्तीची आठवण करून देतो. हळूहळू गप्प होत जाणारा टॅपेट व्हॉल्व्ह जाळू शकतो.

व्हॉल्व्हची दांडी आणि तिला दाबणारा रॉकर यांच्यात बारीक फट ठेवलेली असते. लहान इंजिनात ती मिलिमीटरच्या दहाव्या भागाच्या आसपास असते. तापल्यावर लांबणाऱ्या दांडीला ही जागा लागते. मिनिटाला ३००० फेरे घेणाऱ्या इंजिनात प्रत्येक व्हॉल्व्ह सेकंदाला २५ वेळा सीटवर बसतो. या माऱ्याने व्हॉल्व्हची कड आणि सीट झिजते, व्हॉल्व्ह हेडमध्ये खोल रुतत जातो आणि दांडी रॉकरला भिडते. म्हणजे इथे झीज वाढते तशी फट कमी होते, आवाजही कमी होतो. शेवटी तापलेल्या इंजिनात व्हॉल्व्ह पूर्ण मिटत नाही. एक्झॉस्ट व्हॉल्व्हची बहुतेक उष्णता सीटमधूनच बाहेर जाते. तो टेकलाच नाही तर त्याची कड जळते.

लक्षणे ओळखीची आहेत. सकाळी गाडी सहज सुरू होते, पण तापल्यावर बंद पडली की किका मारून पाय दुखतात. चढावर दम लागतो, आयडलिंग अडखळते. दोष कार्बोरेटरला किंवा प्लगला दिला जातो. तेवढ्याने भागले नाही की रिंगांवर संशय जातो.

निदानाची सुरुवात स्वस्त तपासणीने करावी. इंजिन पूर्ण थंड असताना, कॉम्प्रेशनच्या टोकाला पिस्टन वर आणून फीलर गेजने फट मोजावी आणि माहितीपुस्तिकेप्रमाणे लावावी. थोड्याच दिवसांत ती पुन्हा मिटली तर सीट झिजते आहे. मग कॉम्प्रेशन मोजावे. ते कमी भरले तर प्लगच्या भोकातून चमचाभर ऑइल सोडून पुन्हा मोजावे. आकडा चांगला वाढला तर गळती रिंगांतून. जवळपास तसाच राहिला तर व्हॉल्व्ह किंवा हेड गॅस्केट.

खात्री करायची असेल तर पिस्टन त्याच जागी रोखून प्लगच्या भोकातून दाबाची हवा सोडावी आणि कान द्यावा. सायलेन्सरमधून फुसफुस आली तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, कार्बोरेटरमधून आली तर इनटेक, ऑइल भरण्याच्या तोंडातून जोराची आली तर रिंगा. पहाटे सुरू करताना निळा धूर येऊन लगेच विरला, तर बहुधा व्हॉल्व्हचा गाइड किंवा ऑइल सील गेलेले असते. तो आजार निराळा.

हा भेद पैशाचा आहे. व्हॉल्व्हसाठी हेड उतरवले की काम होते. बोअर-पिस्टनचे काम त्याहून मोठे आणि महाग. ज्याचे दूध किंवा भाजी त्याच गाडीवरून घरोघर पोचते, त्याला चुकीचे निदान दोनदा भोवते: एकदा बिलात आणि एकदा बुडालेल्या दिवसांत. म्हणून वर्षानुवर्षे वाजणारा टॅपेट पाना न लावता गप्प झाला, तर समाधान मानू नये, फट मोजावी.