साखरेचा दाणा

२० अंश सेल्सियस उष्णतेच्या लिटरभर पाण्यांत सुमारें २ किलो साखर विरते. पाक याहून दाट झाला तरी जादा साखर तत्काळ बाहेर पडत नाहीं. तिला बसावयास आधार हवा. खडीसाखरेंत दोरा जें काम करतो, तेंच कारखान्यांत आटत्या पाकांत सोडलेली साखरेची बारीक पूड करते. तिच्या कणांवर थर चढून दाणे बनतात.

हा दाणेदार पाक निवतांना संथ पात्यांनीं ढवळावा लागतो. नाहींतर दाण्याभोंवतालच्या रसांतली साखर सरून वाढ खुंटते. पण पातीं वेगानें फिरविलीं, तर दाणे आपटून त्यांचे कोपरे उडतात, आणि गंमत अशी कीं, उडालेला कणही नवें बीज होऊन मोठ्या दाण्यांच्या तोंडचा घांस पळवितो! पुढें हा चुरा जाळींतून मळीबरोबर निसटतो, आणि उसांतली तेवढी साखर मळीच्या भावानें जाते.