मोठा मासा आणि तळ्याचा हिशेब

मोठा मासा लहान माशाला खातो, हे वाक्य आम्ही गेटसभांतून किती वेळा उच्चारले असेल, त्याची मोजदाद नाही. कामगार चळवळीत तीस वर्षे काढलेल्या माणसाच्या तोंडी ते बसलेलेच असते. आमचे शिक्षण शाळेत थोडे आणि युनियनच्या कचेरीतील पुस्तकांच्या कपाटापुढे अधिक झाले. परंतु या म्हणीतल्या माशाने लहान माशाला खाल्ल्यावर त्या पाण्याचे पुढे काय होते, हे तपासून पाहावे असे आम्हांला कधी सुचले नाही. अमेरिकेतील एका सरोवरशास्त्रज्ञाचे काम वाचनात आले, तेव्हा आपली म्हण अर्धीच आहे हे ध्यानात आले. उरलेल्या अर्ध्या भागाविषयी येथे सांगावयाचे आहे.

या शास्त्रज्ञाचे नाव स्टीफन कार्पेंटर. जन्म १९५२ चा. विस्कॉन्सिन विद्यापीठात त्यांनी सरोवरांचा अभ्यास केला, तेथील सरोवरशास्त्र केंद्राचे ते पुढे संचालक झाले, आणि २०११ साली त्यांना स्टॉकहोम जल पुरस्कार मिळाला. त्यांच्या संशोधनाचा प्रश्न साधा होता : एक तळे हिरवेगार आणि दुसरे नितळ, असे का?

प्रथम तळ्यातील मंडळींची ओळख करून घेऊ. सर्वांत खाली शेवाळ. दगडावरचे निसरडे शेवाळ नव्हे, तर डोळ्यांना सुटे न दिसणारे, पाण्यात तरंगणारे आणि पाण्याला हिरवा रंग आणणारे. ते सूर्यप्रकाशावर आणि पाण्यात विरघळलेल्या क्षारांवर वाढते. त्यांत मुख्य फॉस्फरस, म्हणजे आपला शेतकरी ज्याला स्फुरद म्हणतो तो. हे शेवाळ खातात जलपिसवा. त्यांतली डॅफ्निया ही जात मोहरीच्या दाण्याएवढी. ती सतत पाणी गाळून त्यातले शेवाळ पोटात घालते. जलपिसवांना खातात मिन्नो नावाचे बोटभर मासे, आणि मिन्नोंना खातो बास हा मोठा मासा. ही झाली सरळ साखळी. प्रत्यक्षात धागे आडवेतिडवे जातात, म्हणून शास्त्रज्ञ तिला अन्नजाळे म्हणतात.

जुना विचार खालून वर जाणारा होता. पाण्यात खत जास्त, तर शेवाळ जास्त. हे खोटे नाही. परंतु फॉस्फरस सारखाच असूनही दोन तळ्यांचे रंग निराळे दिसत, त्याचा उलगडा यातून होत नसे. १९६१ साली चेकोस्लोव्हाकियातील हर्बाचेक आणि त्यांचे सहकारी यांनी, व १९६५ साली अमेरिकेतील ब्रूक्स आणि डॉडसन यांनी दाखवून दिले की, मासे बदलले की पाण्यातले सूक्ष्म जीवही बदलतात. हा धागा धरून कार्पेंटर, किचेल आणि हॉजसन यांनी १९८५ साली असे मांडले की, माथ्यावरच्या माशात झालेला बदल धबधब्यासारखा पायरीपायरीने खाली उतरतो आणि थेट शेवाळापर्यंत पोहोचतो.

मांडणे निराळे आणि सिद्ध करणे निराळे. काचेच्या टाकीत माशाला लपावयास जागा नसते, त्याची पिढी वाढत नाही. म्हणून प्रयोग आख्ख्या तळ्यावर करावा असे ठरले. विस्कॉन्सिन आणि मिशिगन यांच्या सीमेवर पीटर आणि पॉल नावाची दोन लहान तळी आहेत. मुळात ते मध्ये चिंचोळे असलेले एकच तळे. १९५१ साली आर्थर हॅसलर यांनी मातीचा बांध घालून त्याचे दोन भाग केले, ते एकावर प्रयोग करावा आणि दुसरे जसेच्या तसे ठेवावे म्हणून. या दुसऱ्याचे महत्त्व आम्हांला चटकन पटले. संपावर गेलेल्या खात्याचे उत्पादन किती घटले हे सांगावयाचे, तर काम चालू असलेल्या खात्याचे आकडेही शेजारी मांडावे लागतात.

१९८५ च्या मे महिन्यात पीटर तळ्यातले सुमारे नव्वद टक्के बास काढून जवळच्या ट्यूजडे तळ्यात सोडले आणि ट्यूजडेमधले मिन्नो पीटरमध्ये आणले. पॉल तळ्याला हात लावला नाही. ट्यूजडेत बासनी उरलेल्या मिन्नोंचा फडशा पाडला. खाणारे गेल्याने मोठ्या जलपिसवा वाढल्या, त्यांनी शेवाळ खाल्ले आणि शेवाळ घटले. खत तेवढेच, बदलले होते ते मासे.

पीटरची गोष्ट वाकड्या वाटेने गेली. उरलेल्या थोड्या बासनीच नव्या मिन्नोंवर ताव मारला. जे वाचले ते काठच्या उथळ पाण्यात दडले. मात्र पिलांना खाणारे वडीलधारे बास कमी झाल्यामुळे बासच्या पिलांचे पीक आले, आणि ही पिले जलपिसवांवर तुटून पडली. असे काही घडेल हे आधी कोणी धरले नव्हते. आख्ख्या तळ्यावर प्रयोग का करावयाचा, याचे उत्तर यातच आहे.

येथे आमच्या म्हणीची पंचाईत झाली. आमच्या हिशेबाने ज्या तळ्यात मोठे मासे आले, त्याचे वाटोळे व्हावयास हवे होते. ते तर अधिक नितळ झाले. यावरून कोणी मालकवर्गाची तरफदारी करू लागेल, तर त्यालाही आम्ही थांबवू. बासने उपकार केले नाहीत. त्याने पोट भरले. तळ्यात न्यायही नाही आणि अन्यायही नाही. माणसांच्या जगासाठी तळ्यातून दाखला आणावा ही मूळ चूक, आणि ती आमची होती.

तरीही एक गोष्ट कामगार कार्यकर्ता म्हणून आम्हांला विसरता येत नाही. मॅडिसन शहराला लागून मेंडोटा सरोवर आहे. तेथे १९८७ पासून शिकारी मासे सोडण्यात आले. त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात जलपिसवा खाणारे सिस्को मासे उष्म्याने मोठ्या संख्येने मेले. पुढे अनेक वर्षे मोठी डॅफ्निया तेथे नांदली आणि पाणी स्वच्छ राहिले. मग २००९ साली तेथे एक परकी काटेरी जलपिसू आढळली, डॅफ्नियाला खाणारी. डॅफ्निया घटली, आणि पाण्यात जितक्या खोलवर दिसत असे ती खोली सुमारे एक मीटरने कमी झाली. कार्पेंटर आणि दोन सहकाऱ्यांनी २०१६ साली हिशेब मांडला : पूर्वीची स्वच्छता परत आणावयाची, तर सरोवरात येणारा फॉस्फरस ७१ टक्क्यांनी घटवावा लागेल, आणि त्याचा खर्च ८ कोटी ६५ लाख ते १६ कोटी ३० लाख डॉलर. मोहरीएवढा जीव रोज पाणी गाळत होता, त्याचे नाव कोणत्याही पगारपत्रकावर नव्हते. काम थांबले तेव्हा त्याची किंमत कळली. असे कामगार आम्ही पाहिले आहेत.

मग मासे सोडले की झाले, असा अर्थ काढू नये. कार्पेंटर यांनी पुढे तळ्यांत मुद्दाम खत घालूनही प्रयोग केले. मोठे शिकारी मासे असलेल्या तळ्यात त्याच खतावर शेवाळ कमी माजले. परंतु खताचा जोर आपल्या ठिकाणी होताच. शेतातून आणि गोठ्यांतून वाहून येणारा फॉस्फरस मातीत वर्षानुवर्षे साठतो, आणि आज आवक थांबवली तरी साठा लवकर संपत नाही. म्हणजे तळे दोन टोकांनी सांभाळावे लागते, वरून आणि खालून.

शेवटचे एक. २००८ पासून पीटर तळ्यात थोडेथोडे बास सोडून कार्पेंटर आणि सहकारी रोज पाणी मोजत राहिले. तळे पुरते पालटण्यापूर्वी वर्षाहून अधिक काळ आधी आकड्यांची हेलकावणी वाढू लागली. हे त्यांनी २०११ साली प्रसिद्ध केले. अशी खूण ज्याने आधीची साधी वर्षे नोंदून ठेवली त्यालाच दिसते. आपल्या गावच्या तळ्यात सांडपाणी सोडताना अशी वही कोणी ठेवली आहे काय, हे ज्याने त्याने आपल्या नगरपालिकेत जाऊन विचारावे. आम्ही विचारणार आहोत. आणि गेटसभेत त्या म्हणीची पाळी आली, तर यापुढे ती पुरी सांगणार आहोत.